पाठ्यपुस्तकातून गाळलेला इतिहास आणि सरकारवरचा अविश्वास: या दोन्हींचा संबंध काय?

पाठ्यपुस्तकावरून वाद पेटला नाही असं वर्ष आता विरळाच. एप्रिल २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राची पाठ्यपुस्तकं करणाऱ्या संस्थेच्या, बारावीच्या इतिहासातून मुघल दरबारावरचं प्रकरण गेलं, राज्यशास्त्रातून गुजरात दंगलींचा मजकूर गेला, गांधीहत्येनंतर संघावर घातलेल्या बंदीचा उल्लेख गेला. त्यातले काही बदल आधी जाहीर केलेल्या यादीत नव्हतेच. ती नजरचूक असू शकते, असा खुलासा झाला. जूनमध्ये सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव या दोन मुख्य सल्लागारांनी पुस्तकांवरून आमची नावं काढा, असं पत्रच लिहिलं. दुसऱ्या बाजूने उत्तर आलं की जुनी पुस्तकं तरी कुठे धुतल्या तांदळासारखी होती? मराठ्यांना त्यांत किती ओळी होत्या, मोजून सांगा.

या भांडणात दोन्हीकडच्या तक्रारींमध्ये तथ्य आहे. पण सगळा जोर 'कोणता राजा किती पानं' यावर जातो आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. शाळेत न सांगितलेल्या गोष्टींमुळे सामान्य माणसाचा सरकारवरचा विश्वास कसा आणि का उडतो? आणि मोठ्या प्रमाणावर गाळला जातो तो राजांचा इतिहास, की दुसराच कसला?

गाळणं एका प्रकारचं नसतं

एखादी घटना पुस्तकात अजिबात नसणं, ही गाळण्याची सर्वांना दिसणारी तऱ्हा. पण जास्त वेळा घटना पुस्तकात असते, तिचं यंत्र मात्र नसतं. म्हणजे काय घडलं ते असतं, पण ते कोणत्या कायद्याने घडलं, हुकूम कुणी काढला, खाली तो कसा पोचला, हे नसतं. आणि जवळजवळ नेहमीच गायब असतो तो पुढचा भाग: नंतर चौकशी झाली का, अहवाल आला का, त्यावर सरकारने काय केलं.

हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा आहे. सरकारवर विश्वास ठेवायचा तो सरकार कधी चुकत नाही म्हणून नव्हे. चुकल्यावर ते कागदावर येतं आणि कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं म्हणून. हिशोबाच्या वहीत तोट्याचे आकडे असले तरी वही खरी वाटते. पण मधलं एक पान फाडलेलं दिसलं, की उरलेल्या पानांवरचे बरोबर आकडेही खोटे वाटू लागतात. आपल्या शाळेच्या इतिहासाचं नेमकं हेच झालं आहे.

पुस्तक नेमकं कोण ठरवतं?

शिक्षण हा मूळ घटनेत राज्यांचा विषय होता. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदे करता येतात. (ही दुरुस्ती आणीबाणीतली. आणीबाणी मुलांना कशी शिकवायची यावर आज केंद्राचा जो वजनदार हात आहे, त्याचा एक धागा आणीबाणीतच सापडतो.) केंद्राच्या बाजूला १९६१ मध्ये स्थापन झालेली एनसीईआरटी, महाराष्ट्रात १९६७ पासून पुण्याची बालभारती. दोन्ही कागदोपत्री स्वायत्त; पैसा आणि नेमणुका मात्र सरकारच्या हातात.

आधी अभ्यासक्रमाचा आराखडा ठरतो, मग विषय समिती नेमली जाते, लेखक आणि अभ्यासगट मसुदा करतात, तो तपासला जातो, छापला जातो. काटछाटीचा दाब यात कुठे येतो? क्वचितच लेखी हुकुमाने. पानांची मर्यादा असते, तासिकांची मर्यादा असते, आणि समितीत कुणीतरी म्हणतं, 'यावरून उगाच वाद होईल, राहू द्या.' अशा राहू दिलेल्या गोष्टींची नोंद कुठेच होत नाही. म्हणून नंतर विचारलं तर जबाबदार माणूसही सापडत नाही. पक्ष कोणताही असो: १९७७ च्या जनता सरकारच्या काळात पुस्तकांवरून वाद झाला, २००२ मध्ये पुस्तकं बदलली, सरकार बदलल्यावर २००६ पासून पुन्हा बदलली, आणि २०२२ मध्ये 'सुसूत्रीकरण' या नावाने कात्री चालली.

त्यात परीक्षेची भर. दहावीला इतिहास व राज्यशास्त्र मिळून लेखी परीक्षा ४० गुणांची. बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकाची सुरुवात इतिहासलेखनाच्या परंपरांपासून होते. इतिहास कसा लिहितात आणि पुरावा कसा तपासतात, हे मुलांना सांगणारं हे पुस्तक महाराष्ट्रात आहे, आणि ही छोटी गोष्ट नाही. पण प्रश्नपत्रिकेत त्याच्या जोड्या लावायला येतात. पद्धत पाठ केली जाते, वापरली जात नाही. आणि दहावीनंतर विज्ञान-वाणिज्याला गेलेल्या बहुतेक मुलांचा इतिहास तिथेच संपतो. म्हणजे बारावीच्या पुस्तकातून काय काढलं यावर आपण जितके भांडतो, त्याच्या कितीतरी कमी मुलं ते पुस्तक उघडतात.

रँड माहीत आहे, कायदा माहीत नाही

२२ जून १८९७, गणेशखिंड, चापेकर बंधू, रँड. ही ओळ महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या जवळपास प्रत्येकाला येते. आता तिचं गाळलेलं यंत्र पाहू.

मुंबईत १८९६ च्या पावसाळ्यानंतर प्लेग पसरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. जेमतेम चार कलमांचा कायदा. त्यात सरकारला 'आवश्यक ते' उपाय करायची मुभा होती आणि हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा होती. चौथ्या कलमाचा आशय असा: या कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कुणावरही दावा चालणार नाही. म्हणजे घरात घुसलेल्या सोल्जरविरुद्ध दाद मागायची वाट कायद्यानेच अरुंद करून ठेवली होती. पुण्यात मार्चपासून मेपर्यंत घरझडत्या चालल्या, आठशेवर सैनिक त्या कामावर होते. दारं फोडणं, बायकांची उघड्यावर तपासणी, सामान जाळणं, माणसं उचलून विलगीकरण छावणीत नेणं. तक्रारींचे अर्ज गेले, काही उपयोग झाला नाही. गोळी त्यानंतर सुटली.

शाळा गोळीपाशी थांबते. त्यामुळे मुलाच्या डोक्यात चित्र राहतं ते एक दुष्ट इंग्रज आणि तीन शूर भाऊ असं. रँड मेला, इंग्रज गेले, गोष्ट संपली. पण कायदा गेला नाही. तोच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात कोविडसाठी लागू झाला, चौथ्या कलमासकट. तेव्हा लोकांनी रुग्ण लपवले, घराबाहेर स्टिकर लागायला विरोध केला, तपासणी पथकांना काही ठिकाणी हुसकावलं. 'लोक अडाणी आहेत' हे त्यावरचं सर्वात सोपं आणि सर्वात निरुपयोगी स्पष्टीकरण होतं. आजारी माणसाला सरकार उचलून नेतं ही भीती पुस्तकातून गेली म्हणून समाजातून जात नाही.

प्लेगच्याच काळातली दुसरी घटना तर शाळेत जवळजवळ अज्ञात आहे. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये भायखळ्याच्या प्रयोगशाळेत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस घेतलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर आला. चौकशी झाली, पण तिचे कागद सरकारने वर्षानुवर्षं बाहेर येऊ दिले नाहीत. ते आले तेव्हा कळलं की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. तोवर पाच वर्षं गेली होती. चिमटा पडल्याचं पहिल्याच वर्षी जाहीर केलं असतं तर एका गावातल्या एका बाटलीचा दोष अख्ख्या लशीच्या माथी बसला नसता.

८१ लाख शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची शांतता

अविश्वासाचा परिणाम आकड्यांत पाहायचा असेल तर आणीबाणीतल्या नसबंदीइतकं स्वच्छ उदाहरण नाही.

आणीबाणी पुस्तकात आहे. बालभारतीच्या नववीच्या इतिहासातही आहे. पण सक्तीच्या नसबंदीचं यंत्र? ते असं चालायचं. केंद्राने राज्यांना उद्दिष्ट दिलं. राज्याने जिल्ह्याला, जिल्ह्याने तालुक्याला, आणि तालुक्याने शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांना. 'केसेस' आणल्या नाहीत तर पगार अडायचा, बदली व्हायची. ज्याच्याकडून रेशनकार्ड, दाखला किंवा कर्ज हवं, तोच माणूस केस शोधत फिरत होता. वरचा प्रत्येक जण आपलं उद्दिष्ट थोडं वाढवून खाली ढकलायचा, कारण कमी भरलं तर त्याच्यावर येणार होतं.

१९७६-७७ साठी देशाचं उद्दिष्ट साडेबेचाळीस लाखांचं होतं. झाल्या ८१ लाखांवर. उद्दिष्टाच्या जवळजवळ दुप्पट काम सरकारी खात्याने केलं, हे वाचूनच शंका यायला हवी. त्यात सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांच्या होत्या. आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या न्या. जे. सी. शाह आयोगाच्या अहवालात शस्त्रक्रियेशी संबंधित १,७७४ मृत्यूंची आणि अविवाहितांच्या नसबंदीच्या ५४८ तक्रारींची नोंद आहे. महाराष्ट्र यात मागे नव्हता. तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक १९७६ मध्ये आपल्याच विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही, एवढंच. पुरोगामी महाराष्ट्राच्या गौरवगाथेत हे वाक्य सहसा वाचायला मिळत नाही.

१९७७ ला सरकार पडलं. कार्यक्रमाचं नाव 'कुटुंब नियोजन' होतं ते 'कुटुंब कल्याण' झालं. १९७७-७८ मध्ये एकूण शस्त्रक्रिया दहा लाखांच्याही खाली आल्या. आणि पुरुष नसबंदी पुन्हा कधीच उठली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांनी स्वतःची नसबंदी करून घेतलेली होती. पतीची नसबंदी झालेल्या ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया लहान, सोपी आणि कमी धोक्याची असूनही. पुरुषी अहंकार हे त्यातलं एक कारण आहेच, पण तो १९७५ च्या आधीही होता आणि तेव्हा पुरुष नसबंदी मोठ्या प्रमाणावर चालत होती. एका वर्षाच्या जबरदस्तीचं ओझं गेली चार-पाच दशकं बायका पोटावर टाके घेऊन वाहताहेत. आशाताई घरी जाऊन पुरुषाच्या शस्त्रक्रियेचं नाव काढते तेव्हा समोरून नकार येतो. तो कुठून येतो हे त्या ताईलाही कुणी शिकवलेलं नसतं आणि नकार देणाऱ्यालाही माहीत नसतं. आठवण विसरली गेली तरी भीती मागे उरते.

तीन तारांचं कुंपण

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. हजेरी, परवाना, आणि वस्तीभोवती कुंपण. सोलापूरची सेटलमेंट त्यातलीच. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, म्हणून तो विमुक्त दिन. पण जागा रिकामी राहिली नाही. सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. नाव बदललं, पोलीस ठाण्यातली नजर तीच राहिली. तुरुंगांच्या नियमावल्यांत या जमातींबद्दलचे भेदभावाचे उल्लेख इतके टिकले की सर्वोच्च न्यायालयाला ते ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवावे लागले.

हे न शिकलेल्या मुलाला पारधी वस्तीतला माणूस पोलीस दिसताच पळतो याचा अर्थ एकच कळतो. तोच मुलगा पुढे फौजदार होतो. एखादा समाज सरकारवर का विश्वास ठेवत नाही हे दुसऱ्या समाजाला, आणि बऱ्याचदा खुद्द सरकारी नोकराला, कळेनासं होणं, हे गाळण्याचं मोठं नुकसान.

घरात एक, शाळेत दुसरं

१९४८ हे वर्ष महाराष्ट्रात दोन ठिकाणी घराघरांत कुजबुजलं जातं. गांधीहत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. मराठवाड्यात रझाकारांचे अत्याचार झाले आणि सप्टेंबरमध्ये भारताने निजामाच्या हैदराबाद संस्थानात केलेल्या लष्करी 'पोलीस कारवाई'नंतर मुसलमानांवर सूड उगवला गेला. रझाकार आणि १७ सप्टेंबर पुस्तकात ठळक आहेत, असायलाच हवेत. पण केंद्रानेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या पथकाने कारवाईच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला होता, आणि उस्मानाबाद, नांदेड हे सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत होते. तो अहवाल अनेक दशकं जाहीर झाला नाही.

अशा ठिकाणी काय होतं? घरी आजी सांगते ते शाळेत नसतं. दहा-बारा वर्षांचं मूल यातून एक निष्कर्ष काढतं: पुस्तक खोटं बोलतं. मग दुसरा: आजी सांगते ते सगळं खरं. इथे गडबड होते. आजीला तिचं जळलेलं घर आठवतं, शेजारच्या आळीतलं नाही. तिच्या आठवणीत दुःख अचूक असतं, पण आकडे, क्रम आणि गुन्हेगार कोण हे पिढीगणिक फुगत जातं, कारण तपासायला समोर कागदच नसतो. जाहीर आकडा नसला की प्रत्येक बाजू आपला आकडा बनवते आणि प्रत्येक बाजूला फक्त आपलेच मेलेले दिसतात.

उशिरा कागद उघडूनही हे भरून येत नाही. नेताजींच्या मृत्यूवर १९५६ ची शाहनवाज समिती, मग खोसला आयोग, मग २००५ मध्ये अहवाल देणारा मुखर्जी आयोग. जानेवारी २०१६ मध्ये १०० फायली खुल्या झाल्या. तोवर लोकांनी आपापले निष्कर्ष कधीच पक्के केले होते. १९६२ च्या चीन युद्धातल्या पराभवावरचा १९६३ चा हेंडरसन ब्रुक्स अहवाल तर सरकारने अजून प्रसिद्ध केलेलाच नाही; त्याचा बराचसा भाग २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने इंटरनेटवर टाकला आणि कोणतंही आकाश कोसळलं नाही.

'पण कोवळ्या मुलांना हे कशाला?'

चौथीतल्या मुलाला दंगलीतल्या प्रेतांची वर्णनं सांगा असं कुणीच म्हणत नाही. पण नववी-दहावीचं मूल मोबाइलवर याहून भयंकर गोष्टी रोज पाहतं. त्याला हिंसा नव्याने दाखवायची नाही, तिची चौकशी कशी होते ते दाखवायचं आहे. 'मुंबईत दंगल झाली, नऊशे माणसं मेली' हे वाक्य मुलाला सुन्न करतं. त्याच्यापुढे जोडून द्या: जानेवारी १९९३ मध्ये श्रीकृष्ण आयोग नेमला, जानेवारी १९९६ मध्ये राज्य सरकारने तो गुंडाळला, त्याच वर्षी मे महिन्यात पुन्हा सुरू केला, फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल आला. त्यात डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधल्या ९०० मृतांपैकी ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ अज्ञात आणि ५ इतर अशी मोजणी आहे. ऑगस्टमध्ये अहवाल विधिमंडळात मांडला गेला आणि सरकारने त्याचे मुख्य निष्कर्ष फेटाळले. आता मूल प्रश्न विचारू शकतं. गुंडाळला का? सहा महिने का लागले?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे. चौकशी आयोग अधिनियम १९५२, कलम ३(४): आयोगाचा अहवाल कार्यवाही अहवालासह सहा महिन्यांच्या आत सभागृहापुढे ठेवला पाहिजे. कार्यवाही अहवाल म्हणजे कोणती शिफारस मान्य, कोणती अमान्य आणि पुढे काय केलं याचं सरकारचं लेखी उत्तर. नागरिकशास्त्रात विधानसभेच्या आमदारांची संख्या पाठ करायला लावण्यापेक्षा हे एक उपकलम समजावलं तर जास्त उपयोगाचं आहे.

'याने देशाबद्दल प्रेम कमी होणार नाही का?'

हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून हसण्यावारी नेऊ नये. पण तो सरकार आणि देश यांत गल्लत करतो. आणीबाणीतल्या जबरदस्तीची नोंद इंग्रजांनी किंवा शत्रूने केली नाही. आपल्याच निवृत्त न्यायमूर्तींनी, आपल्याच संसदेच्या कायद्याखाली केली. त्या अहवालाचा अभिमान वाटू शकतो. तो शिकवायचाच नाही ठरवलं, तर मुलाच्या हाती फक्त जबरदस्ती उरते.

सगळेच देश लपवतात हेही खरं. जपानमध्ये इएनागा साबुरो या इतिहासकाराने आपल्या पाठ्यपुस्तकावरच्या सरकारी कात्रीविरुद्ध १९६५ पासून खटले लढवले. १९९७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, जैविक युद्धाचे प्रयोग करणाऱ्या ७३१ क्रमांकाच्या लष्करी तुकडीचा मजकूर काढायला लावणं बेकायदा ठरवलं. बत्तीस वर्षं लागली. तुलना इतकीच पुरे.

'मग व्हॉट्सॲपवरचा "खरा इतिहास" खरा समजायचा?'

नाही. 'तुम्हाला शाळेत हे शिकवलं नाही' हे वाक्य गिऱ्हाईक ओढण्याचं सर्वात यशस्वी वाक्य आहे, कारण त्याचा पहिला अर्धा भाग बहुधा खरा असतो. शिकवलेलं नसतंच. त्या खऱ्या अर्ध्या भागाच्या जोरावर पुढचा खोटा अर्धा भाग खपतो. एखादी गोष्ट दडवली गेली हा ती खरी असल्याचा पुरावा होत नाही.

तपासायची साधी रीत अशी. मजकुरात तारीख, गाव आणि कागदाचं नाव आहे का पाहा. 'एका इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय' यात कागद नाही. 'अमुक आयोगाचा अहवाल, खंड दोन, पान इतकं' यात आहे. मग ते पान उघडायचं. आकडा फार गोल असेल, किंवा मेलेले सगळे एकाच बाजूचे असतील, तर थांबा. आणि मजकूर वाचून आजच्या कुणावर तरी राग येत असेल तर दुप्पट थांबा, कारण तो बहुधा त्याचसाठी लिहिलेला असतो.

कागद मागायचा कसा

पुस्तकात खरंच काय बदललं, यासाठी आधी दोन आवृत्त्या समोर ठेवा. बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीच्या पानांवर प्रथमावृत्तीचं आणि पुनर्मुद्रणाचं वर्ष, विषय समिती आणि अभ्यासगट यांची नावं छापलेली असतात. बातमीवर विसंबू नका. अनेकदा मजकूर काढलेला नसतो, दुसऱ्या इयत्तेत हलवलेला असतो.

जुन्या घटनांसाठी जिल्हा गॅझेटियर ही सर्वात सोपी पहिली पायरी. महाराष्ट्राची गॅझेटियर्स इंटरनेटवर मोफत वाचता येतात. केंद्राच्या अभिलेखांसाठी, म्हणजे जतन केलेल्या सरकारी कागदांसाठी, राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ आहे. राज्याचे कागद पुराभिलेख विभागाकडे; मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आणि पुण्यात पेशवे दफ्तरात. पेशवाईतल्या कागदांसाठी मोडी यावी लागते. कायदा आहे: केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३, राज्याचा २००५ चा. केंद्राच्या कायद्यात २५ वर्षांहून जुने अभिलेख अभिलेखागाराकडे जमा करणं अपेक्षित आहे. जमा होतात किती, हा वेगळा लेख होईल.

जे तिथे नाही त्यासाठी माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतींना पानामागे २ रुपये. बहुतेक अर्ज पडतात ते एकाच चुकीने: लोक 'का' विचारतात. 'अमुक प्रकरण का वगळलं?' याला जनमाहिती अधिकारी उत्तर देत नाही, कारण कायदा अस्तित्वात असलेला कागद देतो, खुलासा देत नाही. त्याऐवजी मागा: 'अमुक इयत्तेच्या इतिहास विषय समितीच्या अमुक ते अमुक तारखांच्या बैठकांची इतिवृत्तं, त्यावरील टिप्पण्या आणि तज्ज्ञांचे लेखी अभिप्राय.' कारण असलंच तर या कागदांत सापडतं. शक्य असेल तिथे प्रतीऐवजी आधी फाईल पाहायला मागा, पहिला तास मोफत असतो. फाईलमध्ये काय आहे हे कळल्यावर नेमकी पानं मागता येतात.

उत्तराला ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. 'आमच्याशी संबंधित नाही' एवढं लिहून परत करणं चालत नाही. 'गोपनीय' असं उत्तर आलं आणि घटना २० वर्षांहून जुनी असेल तर कलम ८(३) दाखवा: तेव्हा देशाची सुरक्षा व परराष्ट्र संबंध यांसारखी हितं, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद एवढीच कारणं उरतात, बाकीची पळवाट बंद होते. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ पुढे केला तर कलम २२. माहितीचा अधिकार त्याच्या वर आहे. पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं राज्य माहिती आयोगाकडे ९० दिवसांत.

सर्वात चिवट उत्तर मात्र वेगळंच असतं: 'अभिलेख उपलब्ध नाही.' ते वाचून फाईल बंद करू नका. सरकारी दफ्तरात कागदांचं अ, ब, क, ड असं वर्गीकरण असतं. 'अ' कायम ठेवायचे, 'ब' ३० वर्षं, 'क' वर्गातले पाच ते दहा वर्षं, 'ड' वर्षभरात नष्ट करायचे. म्हणून पुढचा अर्ज असा करा: ही फाईल कोणत्या वर्गात होती, नष्ट केली असल्यास त्या वर्षीच्या नष्टीकरण नोंदवहीतल्या त्या नोंदीची आणि मंजुरीच्या आदेशाची प्रत द्या. नियमाने नष्ट केली असेल तर सही आणि तारीख मिळते. नोंदच नसेल तर फाईल नष्ट झालेली नाही, गहाळ झाली आहे, आणि 'अ' वर्गाची फाईल गहाळ असेल तर त्याची जबाबदारी कुणावर निश्चित केली, हा अपिलातला पहिला मुद्दा.